घाटावरचा रूळ

मित्रांनो, नळगंगा नदीच्या घाटावर कडुलिंबाला टांगलेला, गंजाने खाल्लेला रुळाचा तुकडा तुम्ही पाहिला असेल. तोच मी. फार थकलो आहे, पण विचारलेच आहे तर सांगतो.

तरुणपणी मी मलकापूरच्या बाजूला आगगाडीखाली होतो. झिजलो, कापला गेलो आणि बैलगाडीत पडून या गावात आलो. महाराष्ट्र राज्य तेव्हा नुकतेच झाले होते. पूर आला की रूळ ठोकायचा आणि सगळ्यांनी मारुतीच्या टेकडीवर जायचे, असे पंचांनी ठरवले. पाणी जिथून आधी दिसते, तिथेच मला टांगले. शेषराव माळ्यांची भाजीची वाडी घाटाला लागूनच, म्हणून मला ठोकायचे काम त्यांच्या गळ्यात पडले.

माझ्या आवाजाचे कौतुक फार झाले. पण झाले काय! मी वाजलो की लोक टेकडी सोडून माझ्याकडेच धावत. पुरुष पूर पाहायला आणि बाया नदीची ओटी भरायला. गंगामाय दारी आली, मग खण-नारळ नको? लहानसहान पुरांत हे खपून गेले.

एका भादव्यात वरच्या गावचा माणूस सायकल हाणत आला. "शेषरावभाऊ, तलाव फुटला! पानी येऊन राह्यलं!"

शेषराव जीव खाऊन मला ठोकू लागले. जितके ठोकत, तितकी घाटावर गर्दी वाढे. त्यात त्यांची बायको सोजराबाईही ओटीचे ताट घेऊन आली.

"सोजरा, वर चाल!" ते ओरडले.

"अवो, मायची ओटी भरतो अन् येतो. काऊन घाबरून राह्यले?"

पुढचे पाण्याच्या आवाजात कोणाला ऐकूच येईना. बायकोला ओढून न्यावे, तर गाव मागे राहतो. शेषरावांनी एकदा तिच्याकडे पाहिले. मग मला साखळीसकट उतरवले, खांद्यावर टाकले आणि टेकडी चढू लागले. मला वाटले, म्हातारा खुळावला. वर पोचताच त्यांनी देवळाच्या तुळईला मला अडकवले आणि पुन्हा ठोकायला लागले.

माणसाला सवय आवाजाकडे धावायची. "आता तिकडं काऊन वाजून राह्यलं बे?" म्हणत अख्खी गर्दी टेकडीवर आली. सोजराबाई सगळ्यांत मागे, ताट तसेच हातात धरून, कुरकुरत. ती देवळाशी पोचते न पोचते तोच घाट पाण्याखाली गेला. शेषराव तिथेच मटकन बसले आणि सगळ्यांदेखत रडले. सोजराबाई ताट बाजूला ठेवून त्यांच्याजवळ बसली.

पुढे काही वर्षे मी टेकडीवर मानाने राहिलो. दसऱ्याला मला झेंडूचा हार मिळे. मग शेषराव गेले. गरज सरो, वैद्य मरो. "एवढं चढून कोन जाईन बे?" म्हणत नव्या मंडळींनी मला पुन्हा घाटावर आणून टांगले. लोखंड बोलून बोलून किती बोलणार?

आज डोंगराकडे आभाळ काळे झाले आहे. दोन-चार जण आत्ताच पाणी पाहायला जमले आहेत. मित्रांनो, मला रंग नको, हारही नको. मी जिथे वाजतो तिथे माणसे येतात, म्हणून मला पाण्यापासून दूर न्या.