खळ्यावरचे गोटे

साहेब विलायतेला गेला आणि काशीदचा त्याचा बंगला मुंबईच्या एका शेठने घेतला. माझा थोरला भाऊ अंबाजी तिथं माळी. साहेबाची हिरवळ त्याने पोटच्या पोरासारखी सांभाळलेली. पण उन्हाळ्यात विहीर मचूळ व्हायची, गवत करपायचं. शेठाणी म्हणाली, काढून टाका ते गवत आणि गोटे पसरा. पाणी नको, कापणी नको.

दादा तोंड पाडून माझ्याकडे आला. "नीरे, गवतच न्हाय तर माळ्याला कशाला ठेवतील?"

मी त्याला धीर दिला. म्हटलं, "गोटे असे झकास लाव, की शेठ तुलाच राखणीला ठेवील." आणि सगळं शिकवलं की हो त्याला, मीच! गवत मुळासकट खण, खाली खाडीची खारी रेती चोप, वर चपटे गोटे, एकमेकांना खेटून.

माझं खळं तसंच होतं. म्हावरं सुकवायची जागा ती. नवरा गेल्यापासून त्या खळ्यावरच माझी चूल पेटायची. सासूने आणि मी खडकातून एकेक गोटा वेचून आणलेला. आमच्यात खळ्याला कागद नसतो. जिने गोटे लावले तिची जागा, अन् गोटे उचलले म्हणजे तिने जागा सोडली. सगळा कोळीवाडा हेच मानतो.

चैत्रात लेकीच्या बाळंतपणाला आगरदांड्याला गेले. जाताना दादालाच सांगितलं, खळ्यावर नजर ठेव. परत आले तर माझ्या जागेवर शेजारच्या ठमाबाईचे बोंबील वाळत होते. गोटा एक न्हाय.

"ठमे, ही काय मोगलाई हाय?"

"माझ्यावर कशाला डाफरतेस?" ती म्हणाली. "तुझाच भाऊ बैलगाडी भरून घेऊन गेला. इचारलं तर म्हणाला, नीरीने खळं सोडलं."

परक्याने नेलं असतं तर गाव गोळा केला असता. आता कुणाच्या नावाने बोंब मारू?

ताज्या मांदेलीची पाटी डोक्यावर घेतली आणि तडक बंगल्यात शिरले. माझे गोटे तिथं ऊन खात पसरलेले. दादा धावत आला, हळूच म्हणाला, "आयते निवडलेले व्हते गं. शेठला घाई व्हती. माझी नोकरी ऱ्हायली ना! तू काय न्हाय म्हटलं असतंस?"

"मग इचारलं का न्हाईस?"

मी पाटी उतरवली आणि माझ्या गोट्यांवर मांदेली पसरायला बसले. शेठाणी नाकाला पदर लावून ओट्यावर आली, मागून शेठ.

"अंबाजी, कोण ही बाई?"

दादाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "गावातली कुणी म्हावरंवाली हाय, शेठ. हाकलतो आता."

दर भाऊबीजेला माझ्या पाटावर बसून ओवाळून घेणारा माझा भाऊ!

"खरं हाय, शेठ," मी म्हटलं. "म्हावरंवालीच हाय मी. ह्या माणसाची माझी ओळख न्हाय. गोटे तेवढे माझे हायत." आणि उरलेली मांदेली पसरू लागले.