पोटातली वाळू

मी लोखंडी खुर्ची बोलतेय. मला मागचे पाय नाहीत. एकाच पाइपला वळणं देत पाय, हात, पाठ सगळं केलेलं, बैठक भोकं पाडलेल्या पत्र्याची. कुणी बसलं की मी हलकेच झुलते. १९६८ साली ताराबाई पार्कातल्या एका बंगलेवाल्यांनी परदेशी मासिकातला फोटो दाखवून हिरवळीवर ठेवायला अशा सहा खुर्च्या करायला सांगितल्या. उद्यमनगरातल्या आकारामनं त्या केल्या. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता.

पाइप वाकवताना चेपू नये म्हणून त्यात कोरडी वाळू ठासून भरतात, भट्टीत तापवून वळण देतात, मग वाळू काढून तोंडं बंद करतात. आकाराम हाताखालच्यांना दरडावायचा, "वाळू काढल्याबिगर तोंड बंद करायचं न्हाई. आत राहिली की पाणी धरतीय आन् पाइप खातीय." शेवटी तो ठोकून बघायचा. रिकामा पाइप टणटणतो, वाळूचा थप वाजतो.

मी सहावी. माझी बरीचशी वाळू काढून झाली होती, तेवढ्यात मुरगूडला माहेरी गेलेल्या त्याच्या बायकोला, झुंबरबाईला, मुलगा झाल्याचा निरोप आला. खुर्च्या त्याच दिवशी पोचवायच्या होत्या. आकारामनं घाईघाईनं माझी तोंडं वेल्डिंगनं बंद केली आणि एसटी गाठली. ठोकून बघायचं राहिलं. डाव्या पायात ओंजळभर वाळू राहिली. मला त्याचा राग आला नाही. नुकत्याच बाप झालेल्या माणसाला कोण बोलणार?

हिरवळीवर कितीतरी पावसाळे गेले. वेल्डिंगच्या बारीक भोकातून पाणी झिरपत राहिलं. वरून रंग, आतून गंज. चार वर्षांपूर्वी बंगला पाडला आणि मी भंगारात आले. म्हातारा आकाराम तिथे कुठलीशी पट्टी शोधत होता. त्यानं माझ्या वळणावरून हात फिरवला, मला ओळखलं, घरी नेऊन हिरवा रंग दिला. फार सुख वाटलं.

गेल्या वर्षी त्याला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मुलगा अमरसिंह रोज सकाळी त्याला उचलून अंगणातल्या उन्हात माझ्यावर बसवायचा. अमरसिंह दूध संघात कारकून. पोराच्या हाताला फोड नकोत म्हणून बापानं त्याला भट्टीजवळ कधी फिरकू दिलं नव्हतं.

एके दिवशी झुलताना माझ्या पायात सर्र झालं. आकाराम थांबला. डाव्या हातातल्या काठीनं त्यानं माझा उजवा पाय ठोकला. टण. मग डावा ठोकला. थप. त्याचं अंग ताठलं ते मला कळलं.

अमरसिंहाकडे बघत तो ठोकत राहिला. चहा मागतोय असं समजून सुनेनं, क्रांतीनं, चहा आणला. दुसऱ्या दिवशी ठोकलं, पुन्हा चहा. तिसऱ्या दिवशी रंग उडतोय म्हणून तिनं काठीच काढून घेतली. मग तो बसायला तयार होईना, अंग टाकून घसरायचा. अमरसिंहानं झुंबरबाईच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीनं त्याला हातांसकट माझ्या पाठीला बांधलं. मायेनंच बांधलं, खोटं कशाला बोलू.

"आबा, हट्ट करू नगासा," तो म्हणाला. "तुमच्याच हातची खुर्ची हाय की."

त्यानं पहिल्यांदा ठोकल्यापासून नवव्या दिवशी माझा डावा पाय मोडला. बांधलेल्या माणसाला हात टेकता आला नाही. डोकं दगडी पायरीवर आपटलं. मीही त्याच्याबरोबर पडले, पाठीला तो तसाच बांधलेला.

तो गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, रक्षाविसर्जन उरकल्यावर, त्याचा कारखान्यातला जोडीदार अण्णासो घरी आला. अंगणात सांडलेली वाळू त्यानं चिमटीत घेतली आणि तो माझ्या मोडक्या पायात डोकावला.

"काय झालं, काका?" अमरसिंहानं विचारलं.

"जुनी हुती बाबा. गंजली," अण्णासो म्हणाला. मग तो मला त्यांच्याकडून मागून घेऊन गेला.

आता मी त्याच्या छपरात उलटी पडलेय. उरलेली वाळू त्यानं अजून काढलेली नाही. माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. वाचा गेलेलं माणूस काठी ठोकायला लागलं, तर चहा मागाहून आणा. आधी ते कशावर ठोकतंय ते बघा.