बेंबीखालची चीर

राइना कुशीवर वळली आणि पांघरुणाखालून आवाज आला, चांगला लांबलचक.

शेजारच्या खाटेवरची पेन्का हसायला गेली आणि टाके ओढले म्हणून कण्हली.

"सुटला एकदाचा वारा. अहो बाई, तुमच्या वर्गात असं कुणी केलं असतं तर?"

"खिडकी उघडली असती."

दोघींच्या आतड्यात गाठ. दोघींचं ऑपरेशन दुर्बिणीतून, एकाच दिवशी झालेलं. बधिर करणारं तेच औषध दोघींच्या शिरेतून थेंबथेंब दिलेलं. त्यानं दुखणं कमी होतं आणि आतडं लवकर जागं होतं, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. पेन्काचं अजून झोपलेलंच होतं.

राइनाचं जागं झाल्याचं फोनवर कळताच तिची मुलगी नेदा कार्लोवो गावाहून चॉकलेटचा डबा घेऊन आली. ज्याच्या घरी चांगली बातमी, त्यानं सगळ्यांना गोड वाटायचं.

"माझं चॉकलेट उशाखाली ठेव गं," पेन्का म्हणाली. "माझं आतडं नवऱ्यावर गेलंय. उठायचं नाव नाही."

तेवढ्यात नर्स पट्ट्या बदलायला आली. पेन्काच्या पोटावर बारीक छिद्रं होती आणि बेंबीखाली बोटभर चीर.

"छिद्रांतून करणार म्हणाले होते. मग ही कशाला?"

"कापलेला तुकडा बाहेर कुठून काढणार, आजी? छिद्रातून?"

मग नर्स राइनाकडे वळली. राइनानं मान उचलून आपलं पोट पाहिलं. तीच बारीक छिद्रं होती. बेंबीखालची कातडी मात्र सलग होती. नर्सनं गाऊन जरा घाईनंच खाली ओढला आणि ती निघून गेली.

"नेदा, माझा तुकडा केवढा निघाला?"

नेदा डब्याचं झाकण लावत होती.

"छोटासाच, आई. सगळं काढलं म्हणाले डॉक्टर."

असल्या गोष्टी इथे डॉक्टर घरच्यांना सांगतात, दुखणेकऱ्याला नाही. नवऱ्याच्या आजारात राइनानंही त्याला हेच सांगितलं होतं, अगदी याच आवाजात.

"बरं झालं," ती म्हणाली. लेकीच्या पाठीवरून तिनं हात फिरवला. मग ती पेन्काकडे वळली आणि पहिलीच्या पोरांना सांगावं तसं सावकाश म्हणाली,

"तू काळजी करू नकोस. तुझं उशिरा होतंय ते चांगलंच आहे."

"चांगलं कसलं त्यात?"

"तुझ्या आतड्याला खरंच कापलंय ना. भरून यायला वेळ लागणारच."

नेदाच्या हातातलं झाकण काही केल्या बसेना.