न पटलेला सिनेमा

दर शनिवारी दुपारी ग्रंथपालबाई वाचनालयाच्या वरच्या खोलीत डोक्याला खाद्य देणारा एखादा सिनेमा दाखवत आणि संपला की विचारत, "काय वाटलं?" "छान होता," असं म्हणत मंडळी चपला शोधायला लागत. पुस्तकांचंही तेच. बाई जीव तोडून सुचवत, लोक न भांडता परत करत. बाई एकट्याच राहत, त्यांना घरी भांडायलाही कोणी नव्हतं.

त्या शनिवारी त्यांनी आपला सगळ्यात लाडका सिनेमा लावला. एका आजारी बाईला तिचा डॉक्टर शेवटपर्यंत खरं सांगत नाही आणि एकटाच झुरत राहतो, अशी गोष्ट. खोली रिकामी झाली, पण लिफ्ट दुरुस्तीला आलेला मेकॅनिक मागच्या खुर्चीत बसून होता.

"मला नाही पटला," तो म्हणाला.

"का हो?" बाई खुर्ची ओढून समोरच बसल्या.

"सगळं रडणं डॉक्टरचं. तिला कोणी काही विचारलंच नाही. माझी आई गेली तेव्हा मी परगावी परीक्षेला. परीक्षा बुडेल म्हणून कोणी कळवलं नाही. घरी आलो तर सगळे रडून मोकळे झालेले. माझ्या भल्यासाठी म्हणे!"

बाईंनी डॉक्टरची बाजू हिरिरीने मांडली. त्याने ती खोडून काढली. दोघांचे आवाज चढले तसा खालून शिपाई धावत आला, तेव्हा दोघंही ओशाळून हसले.

घरी जाऊन बाईंनी सिनेमा पुन्हा पाहिला, या वेळी फक्त त्या आजारी बाईकडे बघत. डॉक्टर बोलत असताना ती खिडकीकडे तोंड फिरवते, हे इतक्या वर्षांत त्यांच्या नजरेतून सुटलं होतं. कधी एकदा त्या मेकॅनिकला सांगते असं त्यांना झालं.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. शिपाई म्हणाला, "लिफ्टचं काम संपलं, बाई. कंपनीने त्याला दुसऱ्या गावी पाठवलं."

रात्री बाईंनी धाकट्या बहिणीला फोन लावला. "एक सिनेमा सांगते, बघ. आणि नाही पटला तर भांड माझ्याशी."

"ताई, वेळ कुठाय गं? बघू कधीतरी. बरं, जेवलीस का?"

"हो, केव्हाच," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवून त्यांनी कुकर लावला.