जिन्यातल्या गप्पा

धाकटीने नववी काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, तपकिरी रंगाचा दाट पट्टा पाहिला आणि वहीत लिहून टाकलं, ‘निरोगी’.

धमन्यांच्या भिंतींचे पातळ काप काचेवर रंगवून तपासायचे, हे तिचं नवं काम. आधीची बारा वर्षं रक्ततपासणीत गेली होती. भिंतीची राखण करणारं एक प्रथिन या रंगात तपकिरी दिसतं, एवढं तिला सांगितलेलं. मग जिथे राखण जास्त तिथे भिंत धडधाकट, असं तिने परस्पर ठरवून टाकलं.

तसंही आज तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. डॉक्टरांनी लिहून दिलेली दादाची हृदयाची तपासणी उद्या होती आणि सकाळी त्याने फर्मान सोडलं होतं, मी ठणठणीत आहे, फोन करून रद्द कर. बेचाळीस वर्षांची बहीण त्याच्या लेखी अजून निरोप्याच होती. दोनदा तिने फोन हातात घेतला, दोनदा ठेवला. खरं तर दादा दिसतही बरा होता. जन्माचा घुम्या माणूस, पण गेले दोन महिने जिन्यात प्रत्येक मजल्यावर थांबून शेजाऱ्यांशी गप्पा मारत होता. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या गुडघ्याची तर त्याला स्वतःच्या हृदयापेक्षा जास्त काळजी. दादा खुलला, म्हणून ती मनातून सुखावली होती. तिसऱ्यांदा फोन उचलला, तेवढ्यात प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम तिची वही चाळत आल्या.

“अगं, हे काय? या नऊच्या नऊ काचा आजारी धमन्यांच्या आहेत.”

“पण मॅडम, प्रथिन तर भरपूर आहे की.”

“म्हणूनच तर. निरोगी भिंतीला एवढं लागतच नाही. आत चरबी साचायला लागली, सूज आली, की भिंत स्वतःला सांभाळायला हे वाढवते. पुढे तीही थकते, मग हा रंग ओसरतो.”

“म्हणजे रंग दिसतोय तोवर...”

“तोवर ती तग धरून आहे. बरी आहे असं नाही. खोड आणि पुन्हा बघ.”

धाकटीने खोडलं, पण तिला एका जागी बसवेना. उगाच बाटल्या सरळ केल्या, दोनदा हात धुतले. काय खुपतंय ते सापडेना. फोन करायचा तसाच राहिला.

संध्याकाळी ती इमारतीत शिरली, तर वर दादाची पावलं वाजत होती. दुसऱ्या मजल्यावर पावलं थांबली. धाकटी भराभर चढायला लागली, तिच्या चपलांचा आवाज झाला आणि लगेच वरून दादा बोलला,

“काय काका, गुडघा काय म्हणतोय?”

ती वळणावर आली. दादा कठडा घट्ट धरून काकांच्या दाराकडे तोंड करून उभा होता. मान घामाने भिजलेली. दाराला कुलूप होतं. काका परवाच लेकीकडे गेले होते.

दादाने मागे वळून पाहिलं नाही.

“फोन केलास?”

तिने त्याच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्याला लावली, पायरीवर बसली आणि शेजारची जागा हाताने झटकली.

“सकाळी आठला बोलावलंय,” ती म्हणाली. “बस. मलाही काकांशी जरा बोलायचंय.”