बसल्याशिवाय निघू नये

रोदिओननं आज निघायचंच ठरवलं होतं. काल कचेरीत त्याचा शिक्का काढून घेतला होता. संध्याकाळी घरी निघताना प्रत्येक अधिकारी आपल्या खोलीच्या दाराला मेण लावून त्यावर हा शिक्का उठवतो. दुरुस्तीला देतो म्हणाले. पितळेच्या तुकड्याला कसली आलीय दुरुस्ती! मॉस्कोच्या हेरखात्यात बसून तो इतकी वर्षं इंग्रजांना बातम्या पुरवत होता, त्याचा सुगावा लागला होता. आज निसटला तर वाचला, नाहीतर गोळी ठरलेली.

बायकोला, झिनाला, यातलं काही ठाऊक नव्हतं. तिच्या पोटात काय आहे ते चेहऱ्यावर दिसायचं. अशा बाईला काय सांगणार? ती शाळेत शिकवायला गेली, तशी त्यानं जाळीची पिशवी खिशात कोंबली आणि ब्रेड आणतो म्हणून सासूला मोठ्यानं सांगितलं. भिंतींना कान होते, आणि तेही त्याच्याच खात्याचे.

लांब जायचं तर आधी घरात घटकाभर मुकाट बसायचं, ही तिथली रीत. दाराजवळच्या स्टुलावर आज टेकलो तर पुन्हा उठवणार नाही, अशी त्याला धास्ती वाटली. म्हणून त्यानं भिंतीला धरून उभ्यानंच बूट चढवले.

सासू, क्लावदिया पेत्रोव्हना, बघत होती. तिनं स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडला आणि त्याला खुणेनं आत बोलावलं.

"रोज ऐसपैस बसून बूट घालतोस. आज एका पायावर नाचतोयस," पाण्याच्या आवाजाआड ती म्हणाली. "ब्रेड फार लांब मिळतो वाटतं, रोद्या?"

अख्ख्या खात्याच्या डोळ्यांत धूळ फेकणारा हा गडी म्हातारीपुढे उघडा पडला. त्याला भीती नाही वाटली, लाज वाटली.

"झिनाला नेता येत नाही?"

"नाही, क्लावदिया पेत्रोव्हना. एकाचीच सोय आहे."

"मग बस."

दोघं समोरासमोर बसली. तिनं त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही. मग गुडघ्यावर हात टेकून ती उठली.

"ते येऊन सांगतील, नवरा पळाला म्हणून. झिना त्यांच्यावर विश्वास ठेवायची नाही. तुला वाटेतूनच उचललं, असं म्हणून रडेल आणि त्या रडण्यावर जगेल. पण तू सांगितलंस तर तिला खरं वाटेल. पत्र पाठवू नकोस. कधीच."

इंग्रजांकडे पोचलो की पहिलं पत्र झिनालाच लिहायचं, एवढ्या एका आधारावर त्यानं कालची रात्र काढली होती.

"नाही पाठवणार," तो म्हणाला आणि निघाला.