सासूबाईंनी नापास केलेली पुस्तकं

डावीकडचं कपाट रिकामं झालं, तेव्हा तिथे काय ठेवायचं हे गिऱ्हाइकांनीच ठरवलं. घराच्या पुढच्या खोलीत सुनेचं पुस्तकांचं छोटं दुकान होतं. वह्या, पेनं, स्वयंपाकाची पुस्तकं, स्पर्धा परीक्षांचे जाडजूड ठोकळे आणि शाळेची गाईडं. गाईडं मुलं आता मोबाईलवरच बघायला लागली, म्हणून ती गेली. आणि मागच्या गल्लीत कॉलेज सुरू झाल्यापासून रोज कोणी ना कोणी उंबऱ्यात उभं राहून विचारायचं, "विज्ञानकथा आहेत का? नाहीतर ड्रॅगनची, जादूच्या राज्यांची?"

नाही म्हणून म्हणून सून कंटाळली. तिने वितरकाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, नमुन्याचं एक खोकं पाठवतो. चाळा, पसंत पडतील त्यांची ऑर्डर द्या, बाकीची परत करा."

खोकं आलं आणि सून त्याच्यापुढे फतकल मारून बसली. तिला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मुखपृष्ठं तर सगळी एकाच घाण्यातून काढल्यासारखी. निळं आकाश, दोन चंद्र, पाठमोरा माणूस.

"मला वाचून दाखव," आतून सासूबाई म्हणाल्या. "कुठलं ठेवायचं ते मी सांगते."

"तुम्ही? आई, यात यानं आहेत, राक्षस आहेत."

"मग? राक्षसांना काय माझं वावडं आहे?"

सासूबाई तरुणपणी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. एक कॉल जोडून दुसरा येईपर्यंत मांडीवरचं पुस्तक उघडायचं, असं करत त्यांनी वाचनालयातल्या परग्रहांच्या फळ्याच्या फळ्या रिकाम्या केल्या होत्या. आता डोळ्यांच्या पडद्यांवर मधोमध डाग पडले होते. समोरच्याचा चेहरा धड दिसत नसे, तिथे अक्षरं कुठली दिसायला! इतकी वर्षं एका घरात राहून सुनेला हे वाचनवेड ठाऊकच नव्हतं.

त्या दिवसापासून दुपारी शटर अर्धं ओढून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वाचन सुरू झालं. सून पहिलं प्रकरण वाचायची, आणि सासूबाई निकाल द्यायच्या. निकाल झटपट आणि रोखठोक असे.

"हा राक्षस एवढा डोंगराएवढा, पण खातो काय ते सांगितलंच नाही. उपाशी राक्षसावर माझा विश्वास नाही. नापास."

तीन सूर्यांच्या ग्रहावरची एक बाई ओले कपडे घेऊन दिवसभर सावलीच्या मागे मागे फिरते, असं एकात होतं. ते ऐकून त्या खळखळून हसल्या. "लिहिणाऱ्याने घरकाम केलेलं दिसतंय. पास."

सून मध्येच एखादं पान पुढचं वाचून टाकायची, आणि भात गॅसवर लागायचा. सासूबाई मात्र पहिल्या प्रकरणावर थांबत नसत. "शेवट बघ जरा," म्हणायच्या. सून मागची पानं चाळून सांगायची, की मग पक्का निकाल. पासचा ढीग टेबलावर, नापासचा खाली खोक्यात.

खोक्याच्या तळाशी एक बारीकसं पुस्तक निघालं. त्यातला माणूस जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या यानातून निघतो. तो तरुणच राहणार, आणि इथे त्याची बायको म्हातारी होणार. ती संदेशकेंद्रावर काम करते. त्याचे संदेश तीच उतरवून घेते, आणि दर खेपेला दोन संदेशांमधलं अंतर वाढत जातं. सुनेने ते गल्ल्यावर बसून एका बैठकीत वाचलं. एक गिऱ्हाईक येऊन उभं होतं ते तिला कळलंही नाही.

तिचा नवराही लांबच होता. आधी जहाजावर इंजिनियर होता तेव्हा वर्षातून दोनदा यायचा, मग एकदा. मग कुठल्याशा बंदरावर त्याने जमिनीवरचीच नोकरी धरली, आणि तेव्हापासून "या खेपेला रजा नाही" हेच पालुपद चालू होतं. रविवारी फोन यायचा. तो आधी आईशी बोलायचा, मग हिच्याशी. दुकान कसं चाललंय, आईचे गुडघे काय म्हणतात, जेवलीस का. तिला काही विचारायचं असायचं, पण तोंड उघडेपर्यंत "चल, ठेवतो" यायचं. फोन ठेवल्यावर ती त्याचा आवाज मनात पुन्हा पुन्हा ऐकायची. शर्टाच्या बाह्या दुमडून दारात उभं राहायची त्याची सवय आठवायची. त्याचे शर्ट तिने अजून इस्त्री करून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी तिने ते बारीक पुस्तक सासूबाईंपुढे वाचायला घेतलं.

"येतो का तो परत?" सासूबाईंनी प्रकरण संपायच्या आतच विचारलं.

"नाही."

"मग नापास."

"अहो, पण लिहिलंय किती सुंदर!"

"असेल. आपल्याला नको."

सुनेने पुस्तक मिटलं. "दुकान मी चालवते, आई," ती म्हणाली. इतक्या तुटकपणे ती सासूबाईंशी कधीच बोलली नव्हती. मग तिची नजर खाली खोक्याकडे गेली. "एक सांगा. तुम्ही नापास केलेल्यांत एक तरी माणूस घरी येतो का? त्या उपाशी राक्षसाच्या गोष्टीतला शिपाईसुद्धा नाही आला."

सासूबाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसत बसल्या. त्याचा आता काही उपयोग नव्हता, नुसता सवयीने घालत.

"तो येणार नाहीये," त्या म्हणाल्या.

"ते मी सांगितलंच की."

"पुस्तकातला नव्हे. आपला."

सुनेने पुस्तक टेबलावर ठेवलं.

"मागच्या उन्हाळ्यात बोलला मला. तिथेच राहायचं ठरवलंय म्हणाला. दुसरी कोणी आहे का, विचारलं, तर गप्प बसला. 'तिला तूच सांग, मला जमणार नाही.' मला तरी कुठे जमलं? रोज सकाळी ठरवायचे, आज सांगायचं. तू चहा आणून हातात द्यायचीस, आणि वाटायचं, आता सांगितलं की ही बॅग भरेल. भरायलाच हवी. पण मग मी..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

सून उठली. तिने शटर वर ढकललं आणि गल्ल्यावर जाऊन बसली. कोणी लाल पेन मागितलं, तिने हिरवं दिलं. राग कोणावर काढावा हेच तिला कळेना. सासूबाईंवर काढावा, तर त्या आत एकट्या बसून होत्या. संध्याकाळी तिने स्वतः फोन लावला. रविवार नव्हता, त्यामुळे तो दचकला.

"आईंना काही झालं का?"

"त्यांनी सांगितलं मला."

मग तो म्हणाला, "मी सांगणारच होतो गं."

"नाही. नव्हतास सांगणार."

"तू आता काय करणार?"

"सध्या पुस्तकं निवडतेय," ती म्हणाली आणि फोन ठेवला. ठेवल्यावर मात्र हात फोनवरून हलेना. तो उलट फोन करेल, काही नाही तर भांडेल तरी, असं वाटत राहिलं. फोन वाजला नाही. तिने उठून कुकर लावला.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर सासूबाई हळूच म्हणाल्या, "तुझ्या भावाला बोलावून घ्यायचं का?"

"कशाला? शटर ओढून आलेय मी. कालचं पुस्तक अर्धवट राहिलंय."

तिने शेवटपर्यंत वाचलं. संदेश थांबतात, तरी ती बाई कामावर जाते, कारण केंद्रावर दुसऱ्यांचेही संदेश येत असतात. एके ठिकाणी सून वाचता वाचता अडली. सासूबाईंनी टेबलावर चाचपडत तिचं मनगट शोधलं आणि धरून ठेवलं. पुस्तक मिटल्यावर त्या म्हणाल्या, "ठेव हे."

"काल नापास केलं होतंत."

"फेरतपासणी असते की. ठेव. कुणाला तरी लागेल."

कपाट भरलं. राक्षसांची पुस्तकं भराभर जायला लागली. बारीक पुस्तक मात्र हळूहळू खपायचं, आणि नेणारी माणसं सहसा कॉलेजातली नसायची. शेजारीण एकदा म्हणाली, "तू अजून इथेच?" सून म्हणाली, "दुकान माझं आहे. आणि आईही." नवऱ्याचे शर्ट तिने बांधून त्याच्या मावसभावाकडे दिले. एक बांधायचा राहिला, तो तसाच राहिला.

पुढची पुस्तकं निवडायला सासूबाई म्हणाल्या, "मीही येते वितरकाच्या गोदामात." दोघी बसने गेल्या. तिथे सासूबाईंनी दिवसभर पुस्तकांच्या पाठीवरून बोटं फिरवली, वास घेतले, वितरकाला प्रश्न विचारून भंडावून सोडलं. परतताना बसस्टँडवर दूरच्या गाडीतून माणसं उतरत होती. त्यांत बॅग खांद्यावर टाकलेला, बाह्या दुमडलेला एक उंच माणूस होता. नवरा येणार नाही हे आता तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तो वळून चेहरा दिसेपर्यंत सासूबाईंच्या दंडावरची तिची पकड घट्ट राहिली.

"कोण होतं गं?"

"कुणी नाही, आई. पायरी उंच आहे, सांभाळून चढा."